आजोबांची रायफल : बार काढावा कीं न काढावा ?

अचलपूर, अकोट, दर्यापूर या बाजूच्या जुन्या वाड्यांतून हिंडतांना एखाद्या बैठकींत सांबराचीं शिंगें आणि त्यांच्या जोडीला वडिलोपार्जित रायफल अजूनही दृष्टीस पडते. मेळघाटचें रान जवळच. शिकारीचा शोक हा अशा घरांत एके काळीं मोठेपणाचा भाग मानला जाई. पुढें 1970 सालीं वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि लवकरच मेळघाटांत व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. शिकार संपली, रायफल मात्र घरांतच राहिली. दसऱ्यास ती बाहेर निघते, तिला तेल लागतें, झेंडूचीं फुलें चढतात, आणि जमलेल्या मंडळींपैकीं कोणीतरी म्हणतोच, "एक बार काढून तर पाहूं!" शेतांत रोही आणि रानडुकरें माजलीं म्हणजेही हीच ऊर्मि पुन्हां उठते, मग तेथें वनखात्याचा लेखी परवाना लागतो हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. परवानेदार वारला म्हणजे त्याचें हत्यार आपोआप मुलाचें होत नाहीं. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणें तें पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून वारसानें स्वतःच्या नांवें परवाना मागावयाचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसास दोनच बंदुका ठेवतां येतात, आणि आनंदाच्या भरांत बेफिकीरपणें बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घातल्यास दोन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊं शकतात. "जुनी आहे, तिला परवाना कशाला ?" हा समज तर सर्रास आढळतो. सूट आहे ती दुरुस्ती करूनही चालणार नाहीं अशाच जुन्या हत्यारास.

परवाना हातीं आला तरी रायफल उडविण्याजोगी आहे कीं नाहीं हें त्या कागदावर लिहिलेलें नसतें. पहिली गोष्ट, ती भरलेली तर नाहीं ना ! ठासणीच्या बंदुकींत आजोबांनीं भरलेला बार नातवाच्या काळापर्यंत तसाच पडून राहूं शकतो. तोंडाकडून लाकडी काठी आंत सोडून ती किती खोल जाते याची खूण करावी आणि बाहेरून नळीच्या लांबीशीं ताडून पाहावी. चार बोटें कमी पडली तर आंत कांहींतरी आहे. हें पाहतांना आपलें तोंड नळीच्या समोर येऊं देऊं नये. कधीं तें "कांहींतरी" म्हणजे कुंभारीण माशीनें मातीचें बांधलेलें घर असतें. तेवढ्या चिमूटभर मातीनेंही बार निघतांना नळी फुगते किंवा फाटते.

गंज डोळ्यांस दिसतो, म्हणून लोक गंजासच भितात. त्याहून मोठा प्रश्न दारूचा आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळाली म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग काजळी व क्षार होऊन मागें उरतो. 1884 सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि 1889 मध्यें इंग्लंडांत कॉर्डाइट निघालें. ही दारू जवळजवळ सगळीच वायुरूप होते. थोड्या वजनांत नळीवरचा दाब कितीतरी वाढतो. आतां सव्वातीन इंची काडतुसाची .450 बोअरची एक्सप्रेस रायफल घ्या. तिच्या काळ्या दारूच्या काडतुसांत गोळी फार तर 365 ग्रेनची असे. 1898 सालीं लंडनच्या रिग्बी कंपनीनें त्याच मापाच्या पितळी नळकांड्यांत 70 ग्रेन कॉर्डाइट आणि 480 ग्रेनची गोळी भरली. बाहेरून दोन्ही काडतुसें सारखींच. नवें जुन्या नळींत बिनतक्रार बसतें, आणि घात होतो तो येथेंच. बारा बोअरच्या जुन्या बंदुकींचीही गत तीच : 65 मिलिमीटरच्या घरांत 70 चें काडतूस सहज सरकतें, कारण त्याचें दुमडलेलें तोंड बार निघतांनाच उघडतें, मग त्यास जागा पुरत नाहीं आणि दाब अवाच्या सवा चढतो.

म्हणून नळीच्या बुडाशीं, बहुधा लाकडाखालीं दडलेल्या, बारीक खुणा वाचणें अवश्य आहे. बर्मिंगहॅम येथें 1813 पासून बंदुकांची सरकारमान्य कसोटी होत आहे. मुद्दाम जास्त दाबाचा बार काढून, तगलेल्या नळीवर ठसा उठवितात. 1904 पासून तेथें बिनधुराच्या दारूस उतरलेल्या नळीवर मुकुटाखालीं एन् पी अशीं अक्षरें येऊं लागलीं. ही खूण नसेल तर ती नळी काळ्या दारूचीच समजावी. खूण असली तरी ती ठसा उठविला त्या दिवसापुरती. मागाहून कोणी नळी घासून पातळ केली असेल, किंवा जुन्या टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेटपासून उरलेल्या क्षारानें चिखलदऱ्याच्या पावसाळ्यांत आंतले आटे खाऊन टाकले असतील, त्याची हमी तो ठसा देत नाहीं. हा क्षार तेलांत विरत नाहीं. पाण्यानें धुवावा लागतो. कित्येक शौकिनांनीं नुसतें तेल पाजून आपल्या उत्तम रायफली अशाच घालविल्या.

रायफल झाडास बांधून, चापास दोरी लावून लांबून एक बार काढण्याची युक्ति गांवोगांव सांगितली जाते. तीवर विसंबणें धोक्याचें. पहिल्या बारानें पोलादांतील केसासारखी चीर थोडी रुंदावते, नळी तगते. आणि दुसऱ्या बारास दस्ता गालाशीं असतो. जाणता कारागीर नळीच्या भिंतीची जाडी मोजतो, आंत प्रकाश सोडून फुगवट्याची सांवली शोधतो, बोल्ट अगर बिजागरी किती ढिली झाली तें पाहतो. इतकें करून त्यानें "नको" म्हटलें तर घासाघीस करूं नये.

कुलुपांत परत ठेवतांना नळीच्या तोंडांत कापडाचा बोळा कोंबून ठेवण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. तीही सोडावी, त्या बोळ्याखालीं ओल धरते, आणि तो काढावयाचा राहिला तर कुंभारणीच्या मातीचेंच काम करतो.