मांजर जेवेनासं झालं तर

परळच्या जनावरांच्या इस्पितळाला मुंबईकर अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. पण तिथं मांजरंही येतात, आणि बरोबर आलेल्या माणसांची तक्रार पुष्कळदा एकच असते: “खात नाही हो!”

आपल्याकडे म्हणतात, लंघन करतंय, करू द्या. माणसाला एखादा उपास सोसतो. कुत्रंही दोन दिवस काढतं. मांजराचं तसं नाही. ते जातीचंच मांसाहारी. त्याला प्रथिनं रोज लागतात. अन्न थांबलं की अंगावरची चरबी सुटून यकृतात येते. ती तिथून पुढं न्यायला प्रथिनं हवीत, आणि नेमकी तीच नसतात. यकृत चरबीनं भरतं, हिरड्या, कान पिवळे पडतात. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. तेव्हा ‘चांगलं गुबगुबीत आहे, आठवडा काढील’ हा हिशेब अगदी उलटा आहे बरं का!

मग घरातली मंडळी जबडा उघडून दूध ओततात. ते श्वासनळीत गेलं तर फुफ्फुस सुजतं. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

डॉक्टर अशा वेळी नळी बसवतात. थोड्या दिवसांपुरती असेल तर नाकातून बारीक नळी. तिच्यातून पातळ अन्नच जातं. आठवडे लागणार असतील तर भूल देऊन, मानेला लहानसा छेद घेऊन, अन्ननळीत जरा जाड नळी घालतात. ऐकायला भयंकर वाटतं खरं. पण गळ्याला पट्टी बांधलेलं ते मांजर घरभर हिंडतं, आणि भूक आली की नळी असतानाच तोंडानंही खातं.

उपाशी मांजराला पहिल्या दिवशी पोटभर मात्र घालायचं नसतं. ४ किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याचा पाव ते तिसरा हिस्सा द्यायचा, मग हळूहळू वाढवायचं. एकदम दिलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरून जिवावर बेतू शकतं. अन्न कोमट हवं, आणि ते सावकाश सोडावं. नंतर थोडं पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते.

गुरुजींनी वर्गातल्या मांजरवाल्या मुलांना एवढं विचारावं: काल ताटलीतलं किती संपलं? एक अख्खा दिवस काहीच खाल्लं नसेल तर गुरांचा दवाखाना गाठावा. पिलाच्या बाबतीत तेवढंही थांबू नये. आणि घरातली तापाची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.