दुखलं नाही, म्हणून पाहिलं नाही



आवणी सुरू आहे. बैठकीला निम्म्याच जणी येतात आणि येतात त्या चिखल्यांची तक्रार घेऊन. गेल्या वर्षी याच दिवसांत मुरबाडकडच्या एका गटात एक ताई म्हणाल्या, "माझ्या पोराच्या बोटात तर खड्डाच पडलाय, पण त्याला काही दुखत नाही. बरंय ना?" मुलगा २३ वर्षांचा, लहानपणापासून इन्सुलिनवर.

बरं नाही ताई, तेच वाईट आहे.

आपल्याला काटा रुतला की आपण लंगडतो. लंगडतो म्हणून जखमेवर भार पडत नाही आणि ती भरते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधीर होतात. मग काटा कळत नाही, माणूस लंगडत नाही, त्याच जखमेवर दिवसभर चालतो. त्यातच रक्तपुरवठा कमी होतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, आणि जखम चिघळते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या सुन्न पायांबद्दल हेच ओळखलं होतं. त्या पायांसाठी वापरात आलेल्या मऊ एमसीआर रबराच्या चपला आज डायबेटिसवाल्यांनाही देतात.

"शुगरची जखम भरतच नाही" हे मात्र खरं नाही. साखर ताब्यात असेल आणि पायाला आराम मिळाला, तर तरुण माणसाची जखम सहसा चांगली भरते.

म्हणून रोज रात्री पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर आईने बघावं. साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तेल टाचेला लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल राहते. आणि बिब्बा? हात जोडून सांगते, नको. रॉकेल, ब्लेड, गरम पाण्याचा शेक, काहीच नको. बधीर पायाला भाजलेलंही कळत नाही. जखम साध्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका. दोन दिवसांत फरक नाही तर दवाखाना. लाली, सूज, पू, वास, काळेपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी जायचं, आवणी असली तरी. जखमेत जंतू वाढले की साखर आणखी चढते, त्यामुळे इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांची साधारण ५ वर्षांनंतर, बाकीच्यांची आजार कळल्यापासूनच.

अजून एक. गावात शुगरची सरकारी तपासणी होते ती ३० वर्षांवरच्यांची. पोरंपोरी त्यात सुटतात. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, जखम लांबणं, यातलं काही दिसलं तर वय न बघता आरोग्य केंद्रात साखर तपासायला सांगा.

त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. जाण्यायेण्याचा खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून निघाला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे त्या पायावर उभं राहायचं नाही. ऐन आवणीत! ताई रडायलाच लागल्या. मग गटातल्या बायकांनी सावडीने त्यांचं शेत लावून दिलं. जखम भरली. यंदा तो गमबूट घालून चिखलात उतरतो, घालायच्या आधी उलटे करून झटकतो, आणि रात्री आईसमोर पाय पुढे करतो.