साठ वर्षांचा भाडेपट्टा

केदारखेड्यासारख्या आमच्या गांवांत घर म्हटलें कीं खालची जागाहि घरधन्याचीच, असा समज असतो. माझा एक जुना विद्यार्थी नव्या मुंबईंतील आपल्या सदनिकेचे कागद घेऊन आला, तेव्हां मुलांच्या हातीं पुढें काय उरणार, या चिंतेनें त्याची झोंप उडालेली होती.

गोष्ट अशी आहे. सन १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें तेथील भूखंड बहुतांशीं विकले नाहींत; साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें दिले. घर रहिवाशांचें, भूमि सिडकोची. मुदत मोजावयाची ती मूळ पट्ट्यापासून, आपल्या खरेदीपासून नव्हे. पट्टा १९८५ चा असेल तर २०१० सालीं घर घेणाऱ्याचीहि मुदत २०४५ सालींच सरते.

सरल्यावर काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वयें पट्टा संपतो. मालकानें पुढेंहि भाडें स्वीकारलें, तरी निराळा करार नसल्यास राहत्या जागेचा पट्टा महिन्यामहिन्याचा ठरतो. साठ वर्षांचा हक्क पंधरा दिवसांच्या नोटिशीवर येऊन ठेपावा, हें विलक्षणच!

२०१८ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळानें एकरकमी शुल्क घेऊन हे पट्टे ९९ वर्षांचे करण्यास संमति दिली. परंतु पट्टेदार बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्था असते. म्हणून एकट्यानें धांवपळ करून भागत नाहीं, सभेचा ठराव लागतो. शिवाय केवळ मंजुरीच्या पत्रावर विसंबूं नये; वाढीव मुदतीचा लेख नोंदवून घ्यावा.

विद्यार्थ्यास मीं प्रथम मूळ पट्ट्याची नक्कल आणावयास सांगितली. संस्थेच्या कपाटांत ती दोन दिवसांनीं सांपडली.