कर्ता कोण?

समाचाराला गेलेली मंडळी जिना उतरताना हळू आवाजात एक वाक्य हमखास बोलतात : ‘घरचा कर्ता पुरुष गेला हो.’ मिळवता माणूस गेला, एवढाच त्याचा अर्थ नव्हे. मिळवते त्या घरात आणखीही असतील. ज्याच्या शब्दावर लग्ने ठरत, शेत राखावे की विकावे हे ठरे, तो गेला. उलट, मुलगा चार व्यवहार पाहू लागला की आपण म्हणतो, ‘आता तो कर्तासवरता झाला.’ अठरा वर्षे भरली म्हणजे माणूस सज्ञान होतो; कर्ता होतोच असे नाही. हाच शब्द शाळेत गेला की व्याकरणाचा होतो आणि न्यायालयात गेला की मिळकतीचा होतो.

शाळेत आपल्याला युक्ती शिकवली होती : धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण?’ म्हणून विचारा. ‘मुलगी चिंच खाते’, खाणारी कोण? मुलगी. पण ‘मला ताप आला’ या वाक्यात येणारा कोण? ताप! अंथरुणात फणफणणारे आपण तेथे कर्ते नाही, ताप कर्ता आहे. पोराच्या हातून भांडे पडले तर ‘मी भांडे फोडले’ असे ते कधी म्हणत नाही. ‘भांडे फुटले’ म्हणते. व्याकरणाने ते निर्दोषच सुटते, कारण त्या वाक्यात भांडे हाच कर्ता. कचेऱ्यांनाही ही युक्ती चांगली अवगत आहे. तेथे फाईल कोणी हरवत नाही, ती ‘गहाळ होते’.

पाणिनीने कर्त्याची ओळख सांगितली तिच्यात वय नाही, मिशा नाहीत. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. स्वयंपाकात लाकडे, चूल, पातेले, तांदूळ सगळेच राबतात. पण ही सारी ज्याच्या तंत्राने चालतात तो कर्ता. यावर पुढच्या वैयाकरणांनी फार मार्मिक विचार केला आहे. पातेले शिजवते, असेही बोलता येते, आणि तसे बोललो की पातेले कर्ता होते. म्हणजे कर्ता कोण हे वस्तुस्थितीवर जितके अवलंबून, तितकेच बोलणाऱ्याला कोणाला स्वतंत्र दाखवायचे आहे यावरही. या इच्छेला ते ‘विवक्षा’ म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवून आता न्यायालयात चलावे.

हिंदू कायद्यात कर्ता म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभारी. इंग्रज न्यायाधीशांनीही हा शब्द जसाच्या तसा उचलला. कुटुंबाच्या वतीने दावे लढवणे, कर देणे, कर्ज काढणे ही त्याची कामे. अधिकार मोठा, पण बेलगाम नव्हे. मिळकत गहाण टाकायची किंवा विकायची तर कायदेशीर गरज हवी किंवा कुटुंबाचे हित हवे. त्याला पगार नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात जे तत्त्व घालून दिले, त्यावर पुढे कर्त्याच्या अधिकाराची इमारत उभी राहिली. गंमत अशी की, त्या खटल्यातला कारभार अज्ञान मुलाच्या मिळकतीचा होता, आणि गहाणखत करून देणारी त्याची आई होती!

तरीही बाईला कर्ता म्हणावे की नाही, हा वाद शंभर वर्षांहून अधिक चालला. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूरच्या उच्च न्यायालयाने विधवा आईला कर्ता मानण्याकडे कौल दिला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला : कर्ता व्हायचे तर सहदायाद, म्हणजे जन्मानेच मिळकतीत हक्क असलेला हवा, आणि बाई सहदायाद नाही. पुढे दुरुस्ती झाली ती नेमकी या ठिकाणी. महाराष्ट्राने १९९४ साली, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, आणि संसदेने २००५ साली देशभरच्या मुलींना जन्मापासून सहदायाद केले. मग ओघानेच प्रश्न आला की, सर्वांत वडील अपत्य मुलगी असेल तर? डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सांगितले की ती कर्ता होईल, आणि २०२३ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ते कायम केले.

पण त्याच डिसेंबरात, काही दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचा कारभार आला होता. न्यायालय म्हणाले, अज्ञान मुलाची पालक म्हणून तिला व्यवस्थापक मानता येईल. कर्ता मात्र नव्हे. लेक माहेरच्या मिळकतीची कर्ता होऊ शकते, पण सून म्हणून आलेली, सासू होऊन तीस वर्षे घर चालवणारी बाई सासरच्या मिळकतीची सहसा होत नाही. माझ्या मते हा भेद रक्ताचा आहे, कारभाराचा नाही. आणि कर्ता हा शब्द तर कारभाराचा आहे.

आपल्या बोलीला ही अडचण कधी पडली नाही. ‘ती मोठी कर्ती बाई’ असे आपल्या आज्या-पणज्यांविषयी सहज बोलले जाई, आणि ते सांत्वनाचे नव्हे, अनुभवाचे बोलणे असे. सरकारनेही एके ठिकाणी ते ओळखले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेपुरती घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख. तेव्हा एकाच घरात रेशनच्या गव्हासाठी आजी प्रमुख, आणि त्याच घराच्या बँकेतल्या एकत्र कुटुंबाच्या खात्यावर तिच्या मुलाच्या सहीखाली रबरी शिक्का : ‘कर्ता’. ‘कर्ती’ असा शिक्का मी अजून कोठे पाहिलेला नाही.