सबजज्ज ते हायकोर्ट : माधवरावांची 22 वर्षे

1893 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेले आणि मुंबई हायकोर्टातली त्यांची जागा त्याच वर्षी महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे यांना मिळाली. तेलंग माधवरावांहून 8 वर्षांनी लहान, तरी 1889 पासूनच हायकोर्टात बसलेले. माधवरावांनी तोवर पन्नाशी ओलांडली होती.

पात्रता कमी होती म्हणावे, तर तसे मुळीच नाही. निफाडला 1842 मध्ये जन्म, बालपण कोल्हापुरात. मुंबई विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्या पदवीधरांत ते होते. 1866 मध्ये एलएल.बी., 1871 मध्ये अ‍ॅडव्होकेटची परीक्षा. मुंबईत वकिलीचा मार्ग मोकळा असताना त्यांनी पुण्यात सबजज्जाची खुर्ची स्वीकारली. 1861 च्या हायकोर्ट कायद्याने बॅरिस्टर आणि सिव्हिलियन यांच्याबरोबरच खालच्या कोर्टांतल्या अनुभवी न्यायाधीशांनाही दार उघडे ठेवले होते. कागदावर, एवढेच.

कारण सरकारच्या मनात संशय होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेमागचे डोके कोणाचे, हे सर्वांना ठाऊक होते. 1878 मध्ये माधवरावांची नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उठले आणि ऐन उन्हाळ्यात माधवरावांना धुळ्याला धाडण्यात आले. तिथे त्यांच्या टपालावरही पाळत होती. आरोप मात्र एकही ठेवला गेला नाही. एका न्यायाधीशाला आरोपाविना संशयित ठरवणे हा उघड अन्याय होता.

त्यांची खरी कसोटी लागली ती कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या खटल्यांत. 1875 मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या 4 जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. पूर्वी सावकाराने रोखा पुढे केला आणि कुळाने त्यावरचा अंगठा कबूल केला की हुकूमनामा ठरलेलाच. आता मुन्सफाने रोख्यामागे जायचे होते : पहिले कर्ज कधीचे, हातात रोख किती पडली, व्याज मुद्दलात कितीदा मिळवले? मुद्दलापेक्षा अधिक व्याज देववायचे नाही. या निवाड्यांवर अपील नव्हते. म्हणूनच गावोगावच्या कोर्टांचे कागद तपासून चूक दुरुस्त करणारा स्पेशल जज्ज महत्त्वाचा. माधवरावांनी आधी स्पेशल जज्ज डॉ. पोलन यांच्या हाताखाली हे काम केले आणि 1887 पासून स्वतः त्या पदावर बसले. महिनोन्महिने फिरती असे. हायकोर्टाच्या दालनात बसून कुणब्याच्या कर्जाची अशी ओळख कोणाला झाली असती?

पण एवढ्यावरून उशिराचे समर्थन होत नाही. सबजज्ज झाल्यापासून हायकोर्टापर्यंत त्यांची 22 वर्षे गेली. 16 जानेवारी 1901 रोजी ते वारले. मुंबई हायकोर्टाला त्यांची जेमतेम 7 वर्षे मिळाली आणि त्याचा दोष सर्वस्वी सरकारचा.