पावाची कुळकथा

चार तुकडे जोडून भाजतात, म्हणून त्यातला एक तो पाव, ही व्युत्पत्ती मुंबई-पुण्यात इतक्या ठामपणे सांगितली जाते की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचा धीर होत नाही. दुसरी याहून चुरचुरीत: पीठ पायांनी तुडवत, म्हणून हिंदीतल्या ‘पाँव’वरून पाव. दोन्ही साफ चूक. लादी चाराचीच हवी असा दंडक कुठल्याही भट्टीवर नाही, आणि पायाची गोष्ट तर सोवळ्यातल्या कुणीतरी रचलेली वाटते.

मराठीत हा उच्चार तीन वेगळ्या घराण्यांतून आला. पावशेरातला पाव संस्कृत ‘पाद’चा, म्हणजे चौथा हिस्सा, पाऊण त्याचाच भाऊबंद, पावाने उणा. देव नवसाला पावतो तो ‘प्राप्’ धातूतून. पैसे पोचल्याची पावतीही तिकडचीच. बेकरीतला पाव मात्र पोर्तुगीज, लॅटिन ‘पानिस’चा वंशज. स्पॅनिश ‘पान’ आणि इटालियन ‘पाने’ ही त्याची सख्खी भावंडे.

अशा पोर्तुगीज शब्दांचा माग काढणारा माणूस गोव्याचाच होता. आसगावात जन्मलेल्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली सुमारे पन्नास आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश छापला. चावी, पगार, बटाटा असे आपल्या घरात मुरलेले शब्द जहाजांतून कसे आले, याचा तो जमाखर्च आहे.

हेच पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलण्यात आले, पण जपानीत पावाला आजही ‘पान’च म्हणतात. तिथूनच कोरियन ‘प्पांग’ निघाला. सिंहलीतही पाव म्हणजे ‘पान’. बंगाल्यांनी ‘पाउरुटी’ केले, म्हणजे शब्दशः रोटी-रोटी!

शब्द गेला तरी खमीर कुठून आणायचे? गोव्याच्या पदेराने, म्हणजे पाव भाजणाऱ्याने, माडाची सूर घेतली. सूर घातलेले पीठ रात्रभर फुगायचे आणि पहाटे लाकडाच्या भट्टीतून उंडे, कातरे पाव, बांगडीसारखी कांकणां निघायची. ‘पदेर’ हाही पोर्तुगीज ‘पादेइरो’च. तोक्योत किमुराया या दुकानाने १८७४ मध्ये गोड डाळीचे पुरण भरून ‘आनपान’ काढला, तेव्हा खमीर वापरले तांदळाच्या साके दारूचे. दोन्हीकडे स्थानिक दारूने परका पाव फुगवला. मला तर ही या शब्दाच्या प्रवासातली सगळ्यात मजेची जागा वाटते.

आता नुसता कानावर विश्वास ठेवला तर काय होते ते पाहा. मूळ पोर्तुगीज उच्चार नाकातला आहे. अनुनासिक गाळून लिस्बनमध्ये ‘पाव’ मागितलात तर तुम्ही लाकूड मागितलेत. ‘पाउ-ब्राझिल’ या लाकडावरूनच तर ब्राझीलला नाव पडले. कॅटलानमध्ये ‘पाउ’ म्हणजे शांतता, हवाईत ‘पाउ’ म्हणजे संपले. मलायात ‘पाउ’ म्हणजे वाफवलेला, सारण भरलेला गोळा. उच्चार जुळला, पदार्थही जवळचा, तरी नाते नाही. तो चिनी शब्द आहे, गुंडाळणे या अर्थाचा. उलट जपानी ‘पान’ ऐकायला निराळा, पण आपल्या पावाचा सख्खा भाऊ. शब्दांची सोयरीक प्रवासाच्या वाटेवरून ठरवावी, उच्चारावरून ठरवू नये.

एक अर्थ मात्र कुठल्याच धातूतून निघत नाही. तो आपल्या समाजाने घातला. पाव खाणे म्हणजे बाटणे. गोव्यात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. मुंबईत गोवेकर ख्रिश्चनांना ‘मकापाव’ म्हणून हिणवत, तेही याच तिरस्कारातून. हा अर्थ उलटा फिरवला तो परमहंस सभेने. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण प्रभृतींनी १८४९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या या गुप्त मंडळीत जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. धाडस मोठे, पण सगळे दाराआड. सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे फुटली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली.