शिवळेचे भोक सरळ कसे पाडावे?



बैलाची मान सोलवटली की आपण आधी बैलाला दोष देतो, मग जोत्याला. शिवळेच्या भोकाकडे कोणी पाहत नाही. भोक तिरके पडले की शिवळ आत कलते आणि दिवसभर मानेची एकच बाजू घासत राहते. तिथे सूज येते, जखम होते, आणि ऐन पेरणीत बैल दावणीला राहतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात यंत्र पक्के बसवलेले असते, म्हणून भोक सरळ पडते. बांधावर गिरमिट आपल्या हातात असते आणि हात कलतो. पाच अंशांचा कल सहज नजरेतून सुटतो. पण चार इंच जाड बाभळीतून पलीकडे निघेपर्यंत भोक सुमारे एकतृतीयांश इंच सरकते. शिवाय गिरमिट धरणाऱ्याला डाव्या-उजव्या बाजूचा कल दिसतो, पुढचा-मागचा दिसत नाही. म्हणून घरातल्या कोणाला तरी काटकोनात बाजूला उभे करावे आणि कल सांगायला लावावा. लहान मूलसुद्धा हे काम चोख करते. मात्र त्याला चार हात लांब ठेवावे. कोणी नसेल तर गुण्या जुवावर उभा करून एकदा समोरून, एकदा बाजूने ताडून पाहावे.

खूण एकाच अंगाला करू नये. गुण्याने रेघ फिरवून ती खालच्या अंगावरही उतरवावी आणि दोन्ही खुणांवर खिळ्याने खळगा पाडावा. आधी बारीक भोक दोन्हीकडून निम्मे-निम्मे पाडावे, मग तेच मोठे करावे. मध्ये थोडी पायरी राहिली तर गोल कानशीने निघते. आम्ही एकदा घाईने एकाच बाजूने भोक आरपार नेले आणि चांगले जू वाया घालवले.

सोपा उपाय हवा असेल तर सुताराकडून जाड ठोकळ्यात एक सरळ भोक पाडून घ्यावे. तो ठोकळा जुवावर घट्ट बांधला की गिरमिटाला वाट मिळते.

आता बऱ्याच घरांत बॅटरीचे यंत्र आले आहे. त्याने वेळ वाचतो, कल जात नाही. लाकडात बिट अडकले की यंत्र मनगट पिरगाळते. म्हणून जू आधी पक्के दाबून बांधावे, गळ्यातला टॉवेल काढून ठेवावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

शेवटी भोकांत दोन सरळ काठ्या घालून लांबून पाहावे. त्या समांतर दिसल्या तरच जू बैलावर ठेवावे. मानेला आधीच जखम असेल, तर ती भरेपर्यंत बैल जुंपू नये आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावा.